पट्टराणीचं माप

“तोंडाकडे बघू नकोस. मांजराच्या तोंडावरून काही कळत नाही, ती जन्माचीच रुसलेली दिसतात. पायांकडे बघ. पेटीत शिरताना, पेटीत असताना आणि बाहेर पडताना. आणि हो, बघत असताना बोलू नकोस. तुला जमेल ते. त्याला नाही जमायचं.”

वन्संनी हे सांगितलं तेव्हा मिस्त्रीणबाई त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होत्या. आणि ज्याला न बोलता राहणं जमायचं नव्हतं, ते स्वतः मिस्त्री, नर्सिंग होमच्या व्हरांड्यात नर्सबाईंना समजावून सांगत होते की खाटेचा पाय डगमगतो तो पायाचा दोष नसून वरच्या सांध्याचा आहे.

वन्सं म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. उभा जन्म शाळेच्या वसतिगृहात परक्या मुली सांभाळण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आल्या त्या एक ट्रंक आणि एक मांजर घेऊन. मांजराच्या अंगावर पट्टे, आणि चाल अशी की ती खोलीत आली की बाकीच्यांनी उठून उभं राहावं. म्हणून तिचं नाव पट्टराणी. पुढे एके दिवशी वन्सं न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ते जोडलं, आणि आता पुन्हा चालायला शिकवण्यासाठी त्यांना इथं ठेवलं होतं.

भेटायला गेलं की आपल्या पायाबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. पहिला प्रश्न ठरलेला. “पट्टराणी जागेवर जाते ना?” म्हणजे शी-शूला आपल्या पेटीतच जाते ना.

मिस्त्रीणबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “जाईल हं.”

“जाईल म्हणजे जात नाही,” वन्सं म्हणाल्या. मुलींच्या थापा ऐकण्यात जन्म गेलेली बाई ती. “ऐक. मी घरी येईन तेव्हा ती माझ्या पलंगाच्या पायथ्याशी हवी. ती तिथं नसेल तर मी इथंच बरी. या पोरी निदान चहा तरी वेळेवर देतात.”

“असं काय बोलता वन्सं! असेल ती. माझा शब्द आहे.”

तेवढ्यात मिस्त्री आत आले. शब्द देण्यात ते कुणाच्या मागे राहणारे नव्हते. “आणि माझाही शब्द घे ताई. तू तुझ्या पायांनी तुझ्या खोलीत जाशील. कुणाला उचलू देणार नाही.”

“उचलतील कसे? मी काय कपाट आहे, दोघांनी दोन बाजूंनी धरायला?” वन्सं म्हणाल्या. पण त्यांनी भावाचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, हे मिस्त्रीणबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

आता पट्टराणी जागेवर का जात नव्हती, तर त्यामागे मिस्त्रींची कला होती.

मिस्त्रींचं घर म्हणजे पुढे कारखाना, मागे बिऱ्हाड आणि मधे एक लांबट पडवी. गावात सुतार पुष्कळ होते, पण मिस्त्री म्हटलं की एकच. खुर्ची करायची तर गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवून त्याच्या गुडघ्याची उंची घेणार, पाठीचा बाक बघणार, जेवण झालंय का विचारणार, कारण भरल्या पोटी माणूस वेगळा बसतो. “मापाशिवाय करवत नाही,” हे त्यांचं ब्रीद. “खुर्ची सुताराची नसते बाबा, बसणाऱ्याची असते.” हे वाक्य मिस्त्रीणबाईंनी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत कुणी विचारलं असतं तरी त्यांनी ते म्हणून दाखवलं असतं. आणि खरं सांगायचं तर दर वेळी त्यांना ते ऐकायला आवडायचं.

अशा माणसाच्या घरात पट्टराणीची पेटी काय होती? एका मोडक्या कपाटाचा तळाचा खण. रुंद, बुटका, एका बाजूची फळी तुटलेली. वन्संनी त्यात बारीक वाळू भरून तो पडवीत ठेवला होता आणि वर्षानुवर्षं राणीसाहेब त्यात बिनबोभाट जात होत्या. पण वन्सं नर्सिंग होममध्ये गेल्या आणि मिस्त्रींच्या मनानं घेतलं की ताई परत येण्याआधी तिची सगळी व्यवस्था नवी करायची. तिच्या खोलीत कारखान्याचा भुसा उडून जातो म्हणून दाराला नवा उंबरा केला. चांगला सहा बोटं उंच, त्यावर वेलबुट्टी कोरलेली. मग नजर गेली त्या खणाकडे.

“सुताराच्या घरचं मांजर फुटक्या खणात बसतं! लोक शेण घालतील तोंडात.”

खण फोडून त्यांनी बंबात घातला. आणि केली एक पेटी. सागवानी. कोपरे खाचेत खाच बसवलेले, खिळा म्हणून एक नाही. वर उतरतं छप्पर, छपराला बिजागऱ्या. पुढच्या बाजूला कमानदार दार, आणि आतलं बाहेर सांडू नये म्हणून दाराखाली उंच काठ. सगळ्याला पॉलिश असं की आत शिरणाऱ्या मांजराला आपल्या मिशा दिसाव्यात. आत भरल्या रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या सुवासिक साली. आणि शोभून दिसावी म्हणून ती पेटी ठेवली पडवीच्या आतल्या कोपऱ्यात, भिंतीत कोनाडा होता तिथं बरोब्बर बसवून.

गल्ली बघायला आली. शेजारचा इस्त्रीवाला हातातली गरम इस्त्री तशीच ठेवून आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “मिस्त्री, मांजराचं राहू द्या. मीच येतो राहायला. माझ्या खोलीला एवढं चांगलं छप्पर नाही.”

“माप बसणार नाही तुझं,” मिस्त्री खुशीत म्हणाले. “पोट आडवं येईल.”

सगळ्यांनी वाखाणलं. राहता राहिली पट्टराणी. ती आली, काठ हुंगला, एकदा आत डोकावली आणि शेपटी ताठ करून निघून गेली. थोड्या वेळानं ती सापडली ती कारखान्यात, करवतीच्या टेबलाखाली, बारीक भुशाच्या ढिगावर, जे करायचं ते उरकून शांतपणे भुसा ओढताना.

मग ते रोजचंच झालं. मिस्त्री उचलून पेटीत ठेवत, ती धडपडत बाहेर येई. मिस्त्री कारखान्याचं दार लावून घेत, ती दाराखालच्या फटीतून जाई. आणि एके दिवशी कहर झाला. वाचनालयाच्या मोठ्या टेबलासाठी रंधा मारून, काचकागद लावून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या फळ्यांवर तिनं शू केली. लाकूड ते पिऊन बसलं आणि काळा डाग पडला तो पडलाच.

“सूड घेते आहे!” मिस्त्री कडाडले. “ताईला इथून नेलं म्हणून माझ्यावर डूख धरलाय हिनं. बस झालं. रविवारी दूधवाला येईल तेव्हा टोपलीत घालून त्याच्या गोठ्यावर पाठवायची. तिथं उंदीर आहेत, वैरण आहे, जिथं वाटेल तिथं बसू दे राणीला.”

“अहो, पण वन्सं?”

“ताईला मी सांगेन. ताईला सांगायचं काम माझं.”

 संसारात इतकी वर्षं काढल्यावर नवऱ्याचा राग कुठल्या दारानं आलाय हे मिस्त्रीणबाईंना ओळखता येत होतं. फळी गेली, फळ्या जातात. झोंबलं होतं ते वेगळंच. गल्लीनं वाखाणलेल्या पेटीला घरातल्या मांजरानं नाक मुरडलं होतं.

तरी त्यांनी आपल्याकडून कसूर ठेवली नाही. पट्टराणीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई शहाण्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, पाय वाकवून पाहिले. म्हणाल्या, “अशा वेळी आधी इथं आणलंत हे बरं केलंत, कारण पुष्कळदा आतलं दुखणं निघतं. हिला तसं काही नाही. वय झालंय, सांधे जरा धरलेत. आणि एक सांगते, मांजर सूडबीड घेत नाही. जागा बदलली, माणूस बदललं, काही अडलं, तर ते दुसरी जागा शोधतं, बस. काय अडलंय ते मात्र तुम्हालाच घरी बघावं लागेल. इथं माझ्या टेबलावर ती मला दाखवणार नाही.”

म्हणजे पुन्हा वन्संचंच सांगणं. बघ.

मिस्त्रीणबाईंचा एक नेम होता. सकाळी उठल्यापासून देवापुढचा जप पुरा होईपर्यंत त्या तोंडातून शब्द काढत नसत. कधी धरला, कशासाठी धरला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बोलून दाखवलेला नेम निम्मा उरतो असं त्या मानत. मिस्त्री त्यावरून थट्टा करत. “या घरात सकाळी एक तास माझं राज्य असतं. काहीही बोला, उलट उत्तर नाही!” पण त्या वेळात ते हळू पावलांनी वावरत, कपबशीचाही आवाज होऊ देत नसत, हे थट्टेइतकंच खरं होतं.

एरवी त्या देवघरासमोर बसत. दुसऱ्या दिवशी आसन उचलून त्यांनी पडवीत आणलं, पेटी दिसेल असं, आणि माळ हातात घेऊन बसल्या. मनात जरा चुटपुट होती, की जपात मांजर आलं. मग वाटलं, ज्यानं ते घडवलं त्याच्याच नावाचा जप आहे, त्याला काय वावडं असणार?

पट्टराणी आली. मिस्त्रीणबाईंनी तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं.

पुढचे दोन पाय काठावर चढले, सहज. मग मागचे पाय जमिनीवरच घोटाळले. उजवा उचलला, ठेवला. डावा उचललाच नाही. ती उतरली, पेटीला फेरी घातली, पुन्हा काठावर पुढचे पाय ठेवले, आणि या वेळी अंग झोकून आत गेली ती जवळजवळ पडलीच. आत गेल्यावर एक पंजा सालींवर टेकला आणि भिजल्यासारखा झटकला. दुसरा टेकला, झटकला. साली तिच्या भाराखाली दबत होत्या, सरकत होत्या, पाय ठरत नव्हता. तिनं उकरलं, पण सालींना नखही लावलं नाही. बाजूच्या पॉलिशवर, भिंतीवर, नुसतं खरखर खरखर. बसण्यासाठी वळायला गेली तर शेपूट छपराला लागली. तेवढ्यात कारखान्यात कसलीशी फळी पडली. आवाज कुठून आला ते कोनाड्याच्या आतून तिला दिसेना. कान मागे पडले, आणि ती काठावरून घसरत, मागचा डावा पाय ओढत, बाहेर आली आणि थेट करवतीच्या टेबलाकडे गेली. तिथं ना काठ, ना छप्पर. पायाखाली बारीक, घट्ट, वाळूसारखा भुसा, आणि डोळ्यांसमोर दोन्ही दारं.

मिस्त्रीणबाईंच्या हातातली माळ थांबली होती. ‘अगं बाई,’ त्या मनात म्हणाल्या, ‘तू रुसली नाहीस. तू तर किती प्रयत्न केलास!’ आणि त्यांना त्या म्हाताऱ्या मांजराचा एकदम अभिमान वाटला. एवढं दुखत असूनही रोज सकाळी आधी पेटीकडेच येत होती. सवय सोडली नव्हती. नेम पाळणाऱ्याला नेम पाळणारं ओळखू येतं.

त्यानंतरच्या सकाळीही त्यांनी पाहिलं. तेच. आता फक्त एकच काम उरलं होतं, आणि तेच अवघड होतं. मिस्त्रींना सांगायचं कसं? ‘तुमची पेटी चुकली’ म्हणावं तर ते म्हणतील, चुकली? गल्लीला विचार! ‘तुमची पेटी फार चांगली आहे, पण’ असं म्हणावं, तर त्या ‘पण’वरच भडका उडेल. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्या वाक्यं जुळवत राहिल्या. एकही ठीक बसेना. शनिवार उजाडला, दुसऱ्या दिवशी दूधवाला टोपली घेऊन यायचा होता, आणि मिस्त्रीणबाईंकडे अजून वाक्य नव्हतं.

त्या आसनावर बसल्या होत्या तेव्हा मिस्त्री चहाचा पेला घेऊन पडवीत आले.

“हे काय, देवघर हललं वाटतं इकडे?”

त्यांनी मान वर केली. आत्ता बोलता येत नव्हतं. जप व्हायचा होता. आणि नेमकी त्याच वेळी पट्टराणी पडवीच्या टोकाला दिसली, कंबर किंचित हलवत येणारी.

“आली बघ महाराणी. आता बघ हं, माझ्या पेटीचा अपमान करून...”

मिस्त्रीणबाईंनी त्यांचा हात धरला. खाली ओढून आसनाच्या अर्ध्यावर बसवलं. ओठांवर बोट ठेवलं. मग ते बोट पट्टराणीच्या पायांकडे केलं.

मिस्त्री बसले. बायकोनं असं हात धरून बसवल्याला बरेच दिवस झाले होते, त्याचंच आश्चर्य पुरत होतं. त्यामुळे ते आपोआप गप्प झाले, आणि गप्प झाल्यामुळे त्यांना दिसलं.

पुढचे पाय काठावर. मागचा उजवा वर, खाली. डावा जमिनीला चिकटलेला.

“अगं, ती...” मिस्त्री म्हणाले आणि थांबले. मिस्त्रीणबाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. बोट तेवढं तसंच होतं.

पट्टराणी आत पडली. पंजे झटकले. पॉलिशवर खरखरली. शेपूट छपराला लागली. बाहेर आली, डावा पाय ओढत, आणि कारखान्याच्या दिशेनं निघून गेली.

मिस्त्रींच्या पेल्यातल्या चहावर साय धरली. बऱ्याच वेळानं ते बोलले ते स्वतःशीच, आणि इतक्या हळू की मिस्त्रीणबाईंना तो आवाज नवाच वाटला.

“डावा पाय उचलत नाही ती. खुब्यातून उचलत नाही... आणि मी काठ केवढा ठेवला? मला शोभेल तेवढा. छप्पर किती उंच? कोनाड्यात बसेल तेवढं. कोनाड्याचं माप घेतलं मी. मांजराचं नाहीच घेतलं.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

मिस्त्रीणबाईंनी मान हलवली. हो.

“आणि बोलली नाहीस?”

त्यांनी माळ जराशी वर करून दाखवली. मिस्त्री हसले. आधी गालात, मग खांदे हलेपर्यंत. “बरं झालं. बोलली असतीस तर मी ऐकलं नसतं.”

ज्या वाक्यासाठी त्यांनी इतके दिवस जिवाचं रान केलं होतं, ते लागलंच नाही. मिस्त्रीणबाईंनी डोळे मिटून उरलेला जप पुरा केला. मन त्यात कितीसं होतं देव जाणे, पण त्या दिवशीचा जप त्याला पोचला असं त्यांना वाटलं.

त्या उठून कारखान्यात गेल्या तर तिथं मोठं कौतुक चाललं होतं. मिस्त्रींनी भिंतीपासून टेबलापर्यंतची वाट अडवून जमिनीवर एक पातळ लाकडी पट्टी आडवी ठेवली होती. पलीकडे बशीत दूध. पट्टराणी पट्टी ओलांडून गेली. त्यांनी तिला परत अलीकडे आणलं आणि पट्टीवर दुसरी पट्टी ठेवली. ओलांडली. तिसरी ठेवली. पट्टराणी आली, पुढचे पाय पलीकडे टाकले, डावा मागचा पाय अडला, ती मागे फिरली आणि मिस्त्रींकडे बघत बसली.

“तिसरी नाही,” मिस्त्री म्हणाले. “तिसरी नाही म्हणतेय. दोनच.”

“गिऱ्हाईक तोंडानं सांगतं. ही पायानं सांगते,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या. दिवसातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

“आणि गिऱ्हाइकासारखं मागाहून बदलत पण नाही,” मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी पेटी टेबलावर घेतली आणि बिजागऱ्या काढल्या. इस्त्रीवाला दारात आला तेव्हा छप्पर बाजूला पडलं होतं आणि मिस्त्री पुढच्या कमानीवर करवत चालवत होते.

“अहो मिस्त्री! राजवाडा पाडताय? वहिनी, धरा यांना. कालपर्यंत आम्हाला बोट लावू देत नव्हता हा माणूस!”

मिस्त्री थांबले. मिस्त्रीणबाईंच्या मनात आलं, आता सारवासारव करतात की काय? लाकूड फाटलं म्हणतील, कीड लागली म्हणतील.

“चुकीचं झालं होतं,” मिस्त्री म्हणाले. “माप न घेता केलं होतं.”

“तुम्ही? माप न घेता?”

“मी. जा आता, तुझी इस्त्री जळेल कुणाच्या तरी शर्टावर.”

मिस्त्रीणबाई भुसा झाडण्याच्या निमित्तानं वळल्या. त्या माणसाच्या कितीतरी वस्तूंचं लोकांनी कौतुक केलेलं त्यांनी ऐकलं होतं. पलंग, झोपाळे, वाचनालयाची कपाटं. त्या प्रत्येक वेळी त्यांना बरं वाटलं होतं. पण आपल्याच कारखान्यात, शेजाऱ्यासमोर, हातात करवत धरून ‘चुकलं’ म्हणणारा नवरा बघून जे वाटलं ते त्याहून वरचं होतं. त्यांच्या मनात आलं, आज कुणी विचारावं मला, तू कुणाची बायको. मी सांगेन.

काठ उतरला, दोन पट्ट्यांइतका. छप्पर गेलं ते गेलं. आतलं पॉलिश काचकागदानं खरवडून, धुऊन, उन्हात ठेवून वास घालवला. वाळू बारीक चाळून भरली. कोनाडा रिकामा ठेवून पेटी पडवीच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून, दोन्ही दारं दिसतील अशी ठेवली. दिसायला कशी होती म्हणाल, तर पाटवजा एक बुटकं खोकं. गल्लीतल्या कुणी मान वळवून पाहिलं नसतं.

रविवारी सकाळी दूधवाला टोपली घेऊन आला तेव्हा मिस्त्रीणबाईंचा जप चालू होता. मिस्त्रींनी त्याला दारातच थोपवलं, बोट ओठांवर ठेवलं आणि चवड्यांवर चालवत पडवीच्या तोंडाशी आणलं. दूधवाला गोंधळला. त्याला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

पट्टराणी पेटीत होती. चारी पाय वाळूत रोवलेले, कान पुढे, डोळे अर्धे मिटलेले. झालं. मग ती वळली, हुंगलं, आणि पुढच्या पंजानं वाळू ओढू लागली. लांब, सावकाश हात. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. पुन्हा हुंगलं, समाधान नाही झालं, आणखी थोडी ओढली. जणू वन्संच पलंगावरची चादर सारखी करताहेत. मग दोन पट्ट्यांचा काठ ओलांडून ती बाहेर आली, एक पाय, दुसरा पाय, आणि डावासुद्धा, आणि शेपटी उभी करून तिघांच्या मधून निघून गेली.

“बघितलंस?” मिस्त्री कुजबुजले. “बघ, बघ, वाकून बघ. कसं झाकलंय. काठावर एक कण नाही!”

दूधवाल्यानं वाकून पाहिलं. मांजराची शी बघायला बोलावलेला तो त्या दिवशीचा बहुधा एकटाच माणूस असेल. “चांगलंय,” तो म्हणाला. “मग न्यायचं कुणाला?”

“कुणाला नाही. टोपली घेऊन जा. गोठ्याला दुसरं मांजर बघ.”

मिस्त्रीणबाईंना हसू आवरेना आणि जप तर चालू. त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्याच दुपारी दोघं नर्सिंग होममध्ये गेली. वन्संनी विचारायच्या आतच मिस्त्रीणबाई म्हणाल्या, “जाते जागेवर. आणि झाकते पण.”

वन्संनी डोळे मिटले, उघडले. “कुणी ओळखलं?”

“यांनी.”

“हिनं,” मिस्त्री म्हणाले. “मी चहावर साय धरेपर्यंत गप्प बसलो होतो ताई. विचार हिला.”

“तू? गप्प?” वन्सं म्हणाल्या. “मग तर मांजरानं चमत्कारच केला म्हणायचा. धाकट्या, पेटी कशी कशी होती ते मला सगळं सांग.” मिस्त्रींनी सगळं सांगितलं, छपरासकट, पॉलिशसकट, आपली फजिती मीठमसाला लावून. वन्सं हसल्या, इतक्या की शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. “कमान!” वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. “मांजराला कमान! बरं, आता माझी प्रगती बघा. पुढच्या आठवड्यात सोडणार आहेत मला.”

त्यांनी चालण्याचा चारपायी आधार धरला, उठल्या आणि निघाल्या. ताठ मान, ओठ मिटलेले. खोलीच्या आणि व्हरांड्याच्या मधे जमिनीत एक पितळी पट्टी होती, जेमतेम बोटभर उंच. वन्संनी आधार पलीकडे टाकला. उजवं पाऊल उचललं, ठेवलं. डावं पाऊल पट्टीला अडलं. त्या थांबल्या, पुन्हा उचललं, चपलेचं टोक खरखरलं, आणि तिसऱ्यांदा ते पाऊल पलीकडे गेलं. वन्संनी विजयी मुद्रेनं वळून पाहिलं. “बघितलं?”

“वा, वन्सं!” मिस्त्रीणबाई म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या.

 मिस्त्री बहिणीच्या तोंडाकडे बघतच नव्हते.

घरी येऊन दोघं जेवली.  उठून मिस्त्री मागच्या खोलीच्या दारात गेले, आणि वेलबुट्टीच्या त्या सहा बोटं उंच उंबऱ्यावर नुसता हात फिरवत उभे राहिले. मिस्त्रीणबाईंनी ते पाहिलं. बोटभर पट्टीला अडलेलं पाऊल त्यांनाही आठवलं.

सोमवारी सकाळी त्या पडवीत आसनावर बसल्या. आता तिथं बसायचं कारण नव्हतं, पण जागा मानवली होती. मिस्त्रींनी उंबऱ्यावरून उचलून आत सोडलेली पट्टराणी वन्संच्या पलंगाच्या पायथ्याशी, घडी घातलेल्या पांघरुणावर, पाय पोटाशी घेऊन बसली होती.

मिस्त्री कारखान्यातून आले. धुतलेला शर्ट घातला होता, केस नीट विंचरले होते, गिऱ्हाइकाच्या घरी जाताना विंचरतात तसे. खिशात घडीची मोजपट्टी आणि कानावर पेन्सिल. बगलेत त्या पातळ लाकडी पट्ट्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या. दारापाशी ते थांबले. एरवी ‘येतो गं’ म्हणून अर्धी गल्ली ऐकेल असा आवाज देणारा माणूस. त्यांनी माळेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बगलेतल्या पट्ट्यांवर नुसती टिचकी मारली.

मिस्त्रीणबाईंनी मान हलवली.

त्यांनी चपला हातात घेतल्या, घराचा उंबरा जपून ओलांडला, पायरीवर बसून चपला घातल्या, आणि शब्द न बोलता नर्सिंग होमच्या वाटेला लागले.